जुळणाऱ्या प्लेट्स

"मायक्रो हे हाताचं काम आहे, ते लॅपटॉपवर शिकता येत नाही." अन्नपदार्थांतले सूक्ष्मजीव तपासणाऱ्या प्रयोगशाळांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की कोण कुठल्या सुरात म्हणेल हेही आता कळतं. म्हणणारे बहुतेक ज्येष्ठ असतात, पंचवीस-तीस वर्षं लॅमिनारसमोर काढलेले. पिपेट कशी धरायची, ज्योतीजवळ प्लेट उघडताना झाकण किती उचलायचं, हे मला शिकवणारे त्यांच्यातलेच एक होते. ते ऋण मी मानते. पण आज हे वाक्य ज्या कामासाठी वापरलं जातं ते पाहून गप्प बसवत नाही. लॉकडाउनपासून क्वालिटी सिस्टिमचे जे ऑनलाइन वर्ग सुरू झाले ते बंद करावेत, निदान प्रशिक्षणाच्या नोंदीत धरू नयेत, असा आग्रह या एका वाक्याच्या जोरावर धरला जातो. मी स्वतः असे वर्ग घेते. आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला माझं म्हणणं त्या हिशेबाने तोलता येईल.

ज्येष्ठांच्या म्हणण्यात खरं आहे ते आधी मान्य करते. मिरचीपुडीच्या पहिल्या डायल्युशनच्या प्लेटवर मसाल्याचा कण कुठला आणि कॉलनी कुठली, हे डोळ्याला कळायला कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. एक्सएलडी अगारवरच्या काळ्या मध्याच्या कॉलन्यांतल्या कुठल्या उचलून पुढे न्यायच्या, वितळलेला अगार ओतण्याजोगा झाला का, निक्रोम वायर किती तापवायची, हे बाकावर उभं राहूनच येतं. कॅमेऱ्यातून येत नाही. कुठल्याही ऑनलाइन वर्गाने असा दावा केला तर तो खोटा आहे, आणि तसं मी चारचौघांत म्हणायला तयार आहे.

पण क्वालिटी सिस्टिम म्हणजे ही कामं नव्हेत. या कामांतून निघालेला आकडा कितपत भरवशाचा, हे कशावरून ठरवायचं? मीडियाची नवी बॅच आली तर वापरण्याआधी तिच्यावर काय करून पाहायचं? रात्री इन्क्युबेटर दोन अंशांनी घसरला असेल तर त्या दिवशीच्या नमुन्यांचं काय? निकाल थांबवायचा अधिकार कोणाचा, आणि मालकाचा फोन आला तरी तो अधिकार टिकतो का? क्वालिटी सिस्टिम या प्रश्नांची आहे. आणि हे प्रश्न बाकावर आपोआप सुटतात, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. बाकावर ते सुटत नाहीत. कित्येकदा बाकावरच त्यांची चुकीची उत्तरं पिढ्यान् पिढ्या हातोहात दिली जातात.

प्लेट्सच्या जोडीचंच घ्या. एकाच डायल्युशनच्या दोन प्लेट्स ओतायच्या, दोन्ही मोजायच्या. मला शिकवलं गेलं, माझ्या आधीच्यांनाही शिकवलं गेलं होतं, की चांगल्या ॲनालिस्टच्या दोन्ही प्लेट्स जुळतात. ५२ आणि ५३. ४८ आणि ४८. जुळल्या नाहीत तर हात कच्चा. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी हे खरं मानलं. ते खरं नाही. द्रवात विखुरलेले जीवाणू एका मिलीलिटरमध्ये किती येतील हे योगायोगावर असतं, आणि त्या योगायोगालाही नियम आहे, पॉयसन वितरणाचा. सरासरी ५० कॉलन्या येत असतील तर हात कितीही निर्दोष असो, एका प्लेटवर ४२ आणि दुसरीवर ५७ येऊ शकतात. दोन प्लेट्समधल्या फरकाचं प्रमाणित विचलन ५० अधिक ५०, म्हणजे शंभराचं वर्गमूळ, १० निघतं. म्हणजे साधारण तीन जोड्यांमागे एका जोडीत दहा किंवा त्याहून जास्त फरक पडतो, आणि फरक शून्य किंवा एक असलेली जोडी आठांत एखादी सापडते.

आता ज्या लॉगबुकात महिनाभर प्रत्येक जोडी एकाच्या फरकाने जुळते, तिथे काय चाललं असेल? पहिल्या प्लेटचा आकडा पाहून दुसरा लिहिला जातो आहे. अशी लॉगबुकं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत, एका नव्हे, अनेक ठिकाणी, आणि त्यांतली काही मानांकित प्रयोगशाळांतली होती. लिहिणारी मुलगी खोटारडी नसते. जुळायला हवं असं तिला सांगितलेलं असतं, म्हणून ती जुळवते. न जुळलेली जोडी दाखवली तर "टेस्ट रिपीट कर" म्हणतात, आणि वीस नमुने रांगेत असताना रिपीटला वेळ कुठून आणायचा? हे तिला शेजारी उभं राहून शिकवणाऱ्यांनीच शिकवलं. हाताची शिकवण मिळाली आणि तिच्याबरोबर ही समजूतही आली. ही समजूत काढून टाकायला ऑटोक्लेव्ह लागत नाही. वही, पेन्सिल, वर्गमुळाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर आणि न चिडता समजावणारं माणूस लागतं. ते माणूस पुण्यात आणि मुलगी रत्नागिरीत असली तरी चालतं.

साल्मोनेलाचा हिशेबही असाच. अनेक पदार्थांच्या नियमात तो ठरलेला आहे: पाच नमुने, प्रत्येकी २५ ग्रॅम, एकातही सापडता कामा नये. पाचांत आढळला नाही की लॉट मोकळा. पण समजा त्या लॉटमधली शंभरातली पाच पाकिटं दूषित आहेत. पाचही नमुने स्वच्छ निघण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ७७ टक्के. शंभरातली दहा पाकिटं दूषित असली तरी ५९ टक्के. प्री-एनरिचमेंटचे अठरा तास, ४१.५ अंशांवरचं आरव्हीएस माध्यम, सगळं पद्धतीप्रमाणे करूनसुद्धा असा लॉट निम्म्याहून जास्त वेळा पास होणार. यात हाताचा दोष शून्य आहे. हे ज्या ॲनालिस्टला कुणी सांगितलेलं नाही, ती ग्राहकाला फोनवर बिनदिक्कत म्हणते, "सर, माल सेफ आहे." रिपोर्टवर तसं लिहिलेलं नसतं. रिपोर्ट एवढंच म्हणतो की या नमुन्यात आढळला नाही. या दोन वाक्यांतलं अंतर ओळखणं हे माझ्या मते अन्न-सूक्ष्मजीवशास्त्रातलं पहिलं कौशल्य आहे, आणि ते हाताचं नाही.

हाताला सगळं श्रेय आणि सगळा दोष देणाऱ्यांनी अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचं प्रकरण पुन्हा पाहावं. २००८-०९ मध्ये तिच्या शेंगदाण्याच्या पदार्थांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली, ७१४ जणांना लागण झाल्याची नोंद झाली, ९ जण गेले. २०१५ मध्ये कंपनीचा प्रमुख स्टुअर्ट पार्नेल याला २८ वर्षांची शिक्षा झाली. तिथे प्लेट वाचताना कुणाची चूक झाली होती का? नाही. तपासणीत साल्मोनेला सापडला होता. सापडल्यावर पुन्हा तपासणी करून दुसऱ्यांदा आलेला स्वच्छ निकाल धरून माल पाठवला गेला, काही माल निकाल यायच्या आत निघाला, आणि विश्लेषणाची प्रमाणपत्रं खोटी केली गेली. हाताने आपलं काम केलं होतं. निकालानंतर काय व्हायचं हे ज्या व्यवस्थेने ठरवायचं, ती व्यवस्था विकली गेली होती. साल्मोनेला पदार्थात सारखा पसरलेला नसतो, म्हणून दुसऱ्यांदा आलेला "आढळला नाही" पहिल्यांदा आलेला "आढळला" पुसून टाकत नाही. हे एक वाक्य ज्या ॲनालिस्टच्या मनात पक्कं रुजलं आहे, तिच्यावर दबाव आणणं अवघड जातं. माझ्या प्रत्येक वर्गात मी हे वाक्य तीनदा म्हणते.

आता ऑनलाइनला नावं ठेवणारे त्याची तुलना कशाशी करतात ते पाहू. त्यांच्या बोलण्यावरून वाटावं की आधी प्रत्येक ॲनालिस्टला महिनाभर कुणा गुरूच्या बाकावर बसवलं जात होतं. मी त्या काळातली आहे. प्रशिक्षण म्हणजे मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या एका हॉटेलाचा हॉल, दोन दिवस, स्लाइड्स, दुपारचं जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र घेताना फोटो. बाक नव्हता, पिपेट नव्हती, अगारचा थेंबही नव्हता. तेव्हा "हाताचं काम हॉटेलात कसं शिकवता?" असं विचारलेलं मी एकाही ज्येष्ठाकडून ऐकलं नाही. प्रक्षेपकावरची स्लाइड चालते आणि लॅपटॉपवरची चालत नाही, तर मग आक्षेप स्लाइडवर नाही, दुसऱ्या कशावर तरी आहे. कशावर, ते त्यांनी सांगावं.

शिवाय ज्या मानकाच्या नावाने हा आग्रह धरला जातो ते आयएसओ/आयईसी १७०२५ उघडून वाचलं तरी पुरे. २०१७ च्या आवृत्तीतलं ६.२.५ हे कलम माणसांविषयी आहे. त्यात सहा गोष्टी वेगवेगळ्या मागितल्या आहेत: कामाला कोणती क्षमता लागते ते ठरवणं, माणसाची निवड, प्रशिक्षण, देखरेख, अधिकृत नेमणूक आणि क्षमतेवर पुढेही लक्ष ठेवणं. प्रशिक्षण सहांतलं एक आहे. हातावर विश्वास ठेवायचा की नाही हे देखरेखीत ठरतं, अधिकार देताना ठरतं आणि पुढे प्रवीणता चाचण्यांच्या (पीटीच्या) निकालांत दिसतं. सहा जणांचं ओझं एकट्या प्रशिक्षणाच्या डोक्यावर ठेवायचं आणि ते वाकलं की ऑनलाइनला बोल लावायचा, हे मानकाला धरून नाही. ज्या प्रयोगशाळेत नव्या मुलीने पाठवलेला पहिला रिपोर्ट कुणी तिच्याबरोबर प्लेट मोजून पडताळला नाही, तिथे दोष वर्गाचा कसा?

यात कोण बाहेर राहतं, हेही बोलू. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात आलं होतं की ज्या ७२ राज्य अन्न प्रयोगशाळांकडे नमुने जात होते त्यांतल्या ६५ कडे एनएबीएल या प्रयोगशाळा-मानांकन मंडळाचं मानांकन नव्हतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १३ ऑगस्ट २०१५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी रद्द केली. त्या खटल्यात प्रश्न शिशाचा होता, जीवाणूंचा नव्हता, पण तपासणाऱ्या प्रयोगशाळांना त्या चाचणीची मान्यता नव्हती हा मुद्दा निकालात महत्त्वाचा ठरला आणि मोहाली, हैदराबाद, जयपूर इथल्या मानांकित प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितलं गेलं. प्रयोगशाळेची व्यवस्था कच्ची असेल तर तिचा आकडा बरोबर आहे की चूक, हा प्रश्न न्यायालयात पोचतही नाही. एवढी मोठी उणीव हॉटेलच्या हॉलमधून, चाळीस-चाळीस माणसांच्या तुकड्या करून, किती वर्षांत भरून काढणार होतो आपण?

आणि त्या हॉलमध्ये यायचं कोण? जिल्ह्याच्या ठिकाणच्या दूध संघाच्या किंवा छोट्या खाजगी प्रयोगशाळेत मायक्रो विभागात दोन माणसं असतात, कधी एकच. ती प्रवासासकट चार दिवस बाहेर गेली तर एकूण जीवाणूसंख्येची चाचणी (टीपीसी) कोण लावणार, ७२ तासांच्या प्लेट्स कोण वाचणार? म्हणून पाठवला जातो क्वालिटी मॅनेजर, तोच प्रत्येक वेळी, आणि परत आल्यावर तो फाइल सुधारतो. प्लेट मोजणारी मुलगी तिथेच राहते. माझ्या ओळखीतल्या अशा ॲनालिस्ट्समध्ये बहुतेक मुली आहेत, एमएस्सी झालेल्या, लग्न होऊन त्या गावात आलेल्या, घरी लहान मूल असलेल्या. परगावी मुक्कामाचं प्रशिक्षण म्हटलं की त्यांचं नाव यादीत चढतच नाही. संध्याकाळी साडेसातला मूल मांडीवर घेऊन कॅमेरा बंद ठेवून बसणाऱ्या, पण एकही तास न चुकवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी "लॅपटॉपवरचं शिक्षण" म्हणून हिणवलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

भाषेचं तर कुणी बोलतच नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये सगळं इंग्रजीत चाले. प्रश्न विचारा म्हटलं की मुंबई-पुण्याची तीन माणसं बोलत, बाकीचे वहीत मान घालून बसत. ऑनलाइन आल्यावर मी वर्ग मराठीत घेऊ लागले, कारण मराठी बोलणारे तीस जण एका वेळी जमवणं तेव्हा प्रथमच शक्य झालं. रिपीटेबिलिटी आणि रिप्रोड्युसिबिलिटी हे दोन शब्द सगळ्यांना पाठ असतात. तोच हात, तीच लॅब, तोच दिवस, तरी किती फरक पडतो? आणि तोच नमुना दुसऱ्या लॅबमध्ये दुसऱ्याच्या हाती गेला तर किती? असं मराठीत विचारलं की चॅटमध्ये प्रश्नांची रांग लागते. त्या प्रश्नांतले निम्मे इतके मूलभूत असतात की ते इतकी वर्षं कुणी विचारले कसे नाहीत, याचं वाईट वाटतं. एका मुलीने विचारलं होतं, व्हीआरबीए ऑटोक्लेव्ह का करायचं नाही, आम्ही तर नेहमी करतो. ते माध्यम फक्त उकळायचं असतं, हे डब्यावर छापलेलं असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. तिच्या बाकावरच्या गुरूंनाही ते ठाऊक नव्हतं.

ऑनलाइनच्या नावावर जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच भागाचं समर्थन मी करणार नाही. दोन तासांचं वेबिनार, शेवटी दहा बहुपर्यायी प्रश्न, चुकलं तर पुन्हा प्रयत्न करायची सोय, आणि लगेच "इंटर्नल ऑडिटर" असं छापलेलं प्रमाणपत्र: हा धंदा बंद व्हायला हवा. एका प्रयोगशाळेत मी पाहिलं आहे, एका फोनवर वेबिनार लावून ठेवलेलं, आठ जण आपापल्या कामाला गेलेले, आणि हजेरीपत्रकावर आठही सह्या. पण अशा प्रमाणपत्राला बाजार मिळतो तो या क्षेत्रातल्या आम्हा सगळ्यांमुळे. मानांकनाच्या तपासणीला आलेला असेसर फाइल उघडतो, प्रमाणपत्र आहे का पाहतो, टिक करतो, पुढे जातो. त्या जागी त्याने ॲनालिस्टला बोलावून गेल्या महिन्यातल्या प्लेट्सच्या जोड्या काढायला सांगितल्या आणि "यातली सर्वांत न जुळणारी जोडी दाखव, तेव्हा तू काय केलंस?" एवढं विचारलं, तर खोटी प्रमाणपत्रं वर्षभरात आपोआप बाजारातून उठतील. ज्येष्ठांचा राग योग्य आहे, तो चुकीच्या दारावर धडकतो आहे.

मी ऑनलाइनच्या बाजूची झाले ती सोय म्हणून नव्हे. आमचा वर्ग आठ आठवड्यांचा असतो, आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि मधले सहा दिवस मुली आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच बाकावर असतात. मला या मधल्या सहा दिवसांचं मोल सर्वांत जास्त वाटतं. हॉटेलातलं प्रशिक्षण तो बाक मागे ठेवून व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात मी एक साधं काम देते: पहिलं सस्पेन्शन तयार झाल्यापासून शेवटच्या प्लेटमध्ये अगार पडेपर्यंत किती वेळ जातो, ते एका गर्दीच्या सकाळी घड्याळ लावून लिहा. मर्यादा ४५ मिनिटांची आहे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. एका दुधाच्या प्रयोगशाळेतल्या मुलीने लिहून पाठवलं, शेवटच्या नमुन्याला एक तास दहा मिनिटं. तिची पद्धत बरोबर होती, हातही चांगला होता. सकाळी टँकर एकदम येतात आणि सगळे नमुने एकाच वेळी उघडायची तिथली रीत होती. पुण्यातल्या मोठ्या लॅबमध्ये नेऊन तिला तीन नमुन्यांवर कितीही शिकवलं असतं तरी हे सापडलं नसतं. ते तिच्याच ओट्यावर, तिच्याच सकाळी होतं. पुढच्या आठवड्यापासून तिने नमुने सहा-सहाच्या गटात उघडायला सुरुवात केली.

चौथ्या आठवड्याचं काम जोड्यांचं असतं. लॉगबुकातल्या मागच्या तीस जोड्या काढा, फरक मांडा, वर्गमुळाच्या हिशेबाने किती यायला हवा होता ते शेजारी लिहा. त्यानंतर पंधरा दिवस दुसरी प्लेट पहिलीचा आकडा झाकून, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. मागच्या वर्षी एकीने दोन्ही तक्ते पाठवले. पहिल्या तक्त्यात सरासरी पन्नाशीच्या आसपासच्या तीस जोड्या होत्या आणि एकीतही फरक दोनच्या वर नव्हता. दुसऱ्यात ४४ आणि ५९ होते, ५१ आणि ५०, ६२ आणि ४७. खाली तिने लिहिलं होतं, "मॅडम, सर म्हणतात तुझा हात बिघडलाय. दुसरा तक्ता त्यांना दाखवू का?" मी तिला म्हटलं, दोन्ही दाखव, आणि हिशेब त्यांच्यासमोर बसून कर. चार दिवसांनी तिने लॉगबुकच्या नव्या पानाचा फोटो पाठवला. वर ५७ आणि ४१ लिहिले होते, आणि शेजारी तपासणाऱ्याच्या रकान्यात तिच्या सरांची सही होती.